वनस्पती म्हणजे काय?

हिवरे बाजार हे अहिल्यानगर जिल्ह्यातले एक गाव आहे. या जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत. गावाच्या भोवती डोंगर आहेत. पाऊस बेताचा. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे १६ इंच. पण पावसाळा सरत आला की हे डोंगर हिरवे दिसतात.

हा हिरवा रंग कशाचा? कोणी म्हणेल, झाडांचा. ते खरे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. झाडांच्या खाली आणि झाडांच्या मधल्या जागेत गवत उभे असते. डोंगराचा हिरवा रंग त्या गवताचाही असतो.

आता एक प्रश्न. “या डोंगरावर वनस्पती किती?” असे तुम्हाला विचारले, तर तुम्ही काय मोजाल? झाडे मोजाल. कदाचित झुडपे मोजाल. गवत मोजाल काय?

बहुतेक माणसे गवत सोडून देतात. “गवत काय, ते आपोआप येतं,” असे म्हणतात. पण या सोडून देण्यानेच पुष्कळ गावांचे डोंगर बोडके झाले. म्हणून आज आपण ‘वनस्पती’ या शब्दाचा अर्थ नीट पाहू. शब्द लहान आहे. पण त्याच्या पोटात आपले शेत, आपली गुरे आणि आपल्या विहिरीचे पाणी आहे.

तिघांचे तीन अर्थ

समजा, रात्रीचा साक्षरतेचा वर्ग चालू आहे. गुरुजींनी फळ्यावर ‘वनस्पती’ हा शब्द लिहिला आणि त्याचा अर्थ विचारला.

एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, वनस्पती म्हंजी डालडा न्हवं का? लग्नाच्या पंगतीला आणत्यात त्यो.”

एक म्हातारे बाबा म्हणाले, “न्हाई न्हाई. वनस्पती म्हंजी झाडपाल्याचं औषध. वैद्य देतो ते.”

एक तरुण म्हणाला, “गुरुजी, माझ्या पोराच्या पुस्तकात लिहिलंय, सगळी झाडं म्हणजे वनस्पती.”

गुरुजी हसले. म्हणाले, “आजी, तुम्ही चुकला नाहीत. बाबा, तुम्हीही चुकला नाहीत. पण हत्तीचा पाय धरून हत्ती म्हणजे खांब म्हटलं, तसं झालं. पोराच्या पुस्तकातला अर्थ सगळ्यात मोठा. पण त्यातही थोडी भर घालावी लागेल.”

आजींचा डालडा घ्या. हे एका तुपाचे व्यापारी नाव. ते १९३७ साली बाजारात आले. पुढे लोक तसल्या सगळ्याच तुपाला डालडा म्हणू लागले. हे तूप दुधाचे नसते. शेंगदाणा, सरकी, पाम अशा वनस्पतींच्या तेलात वायू मिसळून ते घट्ट करतात. तेल वनस्पतीचे, म्हणून त्याला ‘वनस्पती तूप’ असे नाव पडले. पुढे लोकांनी तूप शब्द गाळला आणि नुसते ‘वनस्पती’ म्हणू लागले.

बाबांचा अर्थही असाच. औषधाला लागणाऱ्या झाडपाल्याला ‘औषधी वनस्पती’ म्हणतात. बोलताना ‘औषधी’ गळाला आणि ‘वनस्पती’ उरली. मात्र इथे एक सावधगिरी पाहिजे. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. धोतरा ही वनस्पतीच आहे, पण तिचे बी विषारी असते. रुई ही वनस्पतीच आहे, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. जाणत्याला विचारल्याशिवाय कोणताही पाला पोटात घेऊ नये.

शब्द फोडून पाहू

व – न – स्प – ती. चार अक्षरे आहेत. तिसरे अक्षर जोडाक्षर आहे. अर्धा स आणि पूर्ण प मिळून स्प होतो.

हा शब्द संस्कृतातला आहे. वन म्हणजे रान. पती म्हणजे मालक, धनी, राजा. वन आणि पती जोडताना मधे स् येतो. बृहस्पती या शब्दातही तसाच स् आला आहे. तेव्हा वनस्पती म्हणजे वनाचा राजा. रानातले मोठे झाड, असा त्याचा जुना अर्थ.

जुन्या वैद्यांनी हा शब्द आणखी बारीक अर्थाने वापरला. चरकसंहिता हा वैद्यकाचा फार जुना ग्रंथ. त्यात जमिनीतून उगवणाऱ्या गोष्टींचे चार गट सांगितले आहेत.

पहिला गट वनस्पती. ज्याला फूल दिसत नाही, पण फळ येते ते झाड. जसे उंबर.

दुसरा गट वानस्पत्य. ज्याला आधी फूल येते, मग फळ येते ते झाड. जसा आंबा.

तिसरा गट ओषधी. जी फळ पिकले की वाळून जाते ती. जसा गहू. आपला औषध हा शब्द या ओषधीपासूनच झाला आहे.

चौथा गट वीरुध. म्हणजे पसरणारे वेल.

पहिल्या गटातला उंबर तुमच्या ओळखीचा आहे. कोणी माणूस फार दिवसांनी भेटला, तर आपण म्हणतो, “काय राव, उंबराचं फूल झालात!” म्हणजे दिसतच नाही. पण उंबराला फूल नसते असे नाही. उंबराचे कोवळे फळ फोडून पाहा. आत बारीक बारीक फुले दाटीने बसलेली असतात. चिलटाएवढा एक किडा फळाच्या तोंडाच्या भोकातून आत शिरतो. तो एका फळातले पराग दुसऱ्या फळात नेतो. वड आणि पिंपळ यांचेही असेच आहे. फूल आहे, पण ते फळाच्या आत झाकलेले आहे.

तर जुन्या काळी वनस्पती या शब्दात उंबर, वड, पिंपळ अशी मोठी झाडे येत. पुढे शब्दाचा अर्थ वाढत गेला. झुडूप त्यात आले. वेल आला. पीक आले. आज रस्त्याच्या कडेची हरळीसुद्धा वनस्पतीच. पूर्वी नुसता राजा त्या शब्दात बसला होता. आता सगळी प्रजा त्यात आली आहे.

आजचा अर्थ

आज वनस्पती कशाला म्हणायचे? तीन खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण. वनस्पती सजीव असते. ती जन्मते, वाढते आणि मरते. तिला पाणी लागते, हवा लागते. तिच्यापासून तिच्यासारखी दुसरी वनस्पती होते.

दुसरी खूण. वनस्पती एका जागी राहते. गाय चाऱ्याकडे चालत जाते. झाड चालत जात नाही. त्याला जागेवरच सगळे मिळवावे लागते.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. वनस्पती आपले अन्न आपण तयार करते. पानात हिरवे द्रव्य असते. मुळे जमिनीतून पाणी ओढतात. पाने हवेतून कर्बवायू घेतात. उन्हाच्या बळावर पानात त्याचे अन्न तयार होते. हे करताना पाने प्राणवायू बाहेर सोडतात.

माणसाला हे करता येत नाही. उन्हात कितीही बसले तरी पोट भरत नाही. आपण भाकरी खातो, ती जोंधळ्याने तयार केलेली असते. आपण दूध पितो, ते गाईने खाल्लेल्या चाऱ्याचे झालेले असते. सगळ्यांच्या अन्नाची पहिली चूल पानात पेटते.

या खुणांनी काही गमती कळतात. अमरवेल पिवळी असते. तिच्यात हिरवे द्रव्य जवळजवळ नसते. म्हणून ती दुसऱ्या झाडावर चढते आणि त्याचा रस शोषते. ती वनस्पती आहे, पण आयते खाणारी आहे. पावसाळ्यात उकिरड्यावर छत्र्या उगवतात. त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात. त्या कुजलेल्या गोष्टींवर जगतात. पूर्वी शाळेच्या पुस्तकात त्यांना वनस्पती म्हणत. आताचे शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतीत धरत नाहीत. त्यांचा आणि बुरशीचा वेगळा गट मानतात.

आपल्या गावचे शब्द

पुस्तकात एकच शब्द असतो, वनस्पती. गावात पुष्कळ शब्द असतात. ते फार नेमके असतात.

खोड जाड आणि उंच, ते झाड. बुडापासून फांद्या फुटून पसरलेले, ते झुडूप. आधार धरून चढतो, तो वेल. नुकते उगवलेले, ते रोप. आपण पेरलेले, ते पीक. न पेरता पिकात उगवलेले, ते तण. गुरे आवडीने खातात, ते गवत. कापून ठेवले की तोच चारा.

आपल्या गावांच्या नावातही वनस्पती आहेत. पिंपळगाव, वडगाव, बाभुळगाव, बोरगाव, चिंचोली. हिवर नावाचे एक काटेरी झाड असते. ते बाभळीच्या जातीचे आणि पांढरट सालीचे असते. हिवरे या नावात त्याच झाडाचे नाव ऐकू येते.

पण गावचे शब्द कधी कधी फसवतात. गाजरगवत घ्या. काही भागात त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्याकडे प्रथम दिसले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. त्याच्या नावात गवत आहे. पण ते गवत नाही. ते सूर्यफूल आणि शेवंती यांच्या कुळातले आहे. गुरे ते खात नाहीत. त्याच्यामुळे माणसाच्या अंगाला खाज सुटते.

उलट, ज्याला आपण गवत म्हणत नाही, ते गवत असते. ज्वारी हे गवत आहे. बाजरी हे गवत आहे. गहू, भात, मका, ऊस ही सगळी गवताच्याच कुळातली आहेत. पेरे, लांब पान, केसासारखी मुळे आणि वर कणीस किंवा तुरा. हरळी आणि ऊस शेजारी ठेवून पाहा. एक बोटभर आहे आणि एक पुरुषभर आहे. पण घडण एकच आहे. म्हणजे माणसाचे पोट मुख्यतः गवतावर भरते. बांबूसुद्धा गवतच आहे.

एका शब्दाने अडलेला बांबू

शब्दाचा अर्थ चुकला तर काय होते, ते बांबूकडे पाहून कळते.

१९२७ साली इंग्रज सरकारने जंगलाचा कायदा केला. झाड म्हणजे काय, हे त्या कायद्यात सांगितले होते. त्यात बांबूही झाडात धरला होता. शास्त्राने बांबू हे गवत आहे. पण कायद्याने ते झाड ठरले. याचा त्रास शेतकऱ्याला झाला. स्वतःच्या बांधावर स्वतः लावलेला बांबू तोडायचा आणि बाजारात न्यायचा, तर अनेक ठिकाणी परवाना काढावा लागे. म्हणून पुष्कळांनी बांबू लावणेच टाळले.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्यात जंगलातल्या किरकोळ उत्पन्नावर गावाचा हक्क मानला गेला. वनस्पतींपासून मिळणारे, पण इमारती लाकूड नसलेले, असे ते उत्पन्न. त्यात बांबूचे नाव स्पष्ट घातले होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने हा हक्क मागितला. २०११ साली तिथल्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. मग २०१७ साली जुना कायदा बदलला. झाड या शब्दाच्या अर्थातून बांबू काढून टाकला. ९० वर्षे एका शब्दाने बांबू अडवून धरला होता.

तेव्हा शब्दाचा अर्थ कुठवर जातो, हे पाहणे म्हणजे पंडितांची करमणूक नव्हे. त्यावर लोकांचे पोट असते.

काडीची किंमत

आता पुन्हा साध्या गवताकडे येऊ. आपल्या भाषेत गवताला मान नाही. एखाद्याला काही किंमत नसली, तर आपण म्हणतो, “त्याला काडीची किंमत नाही.” काडी म्हणजे गवताची काडी. क्षुद्र मानणे याला पुस्तकात ‘तृणवत् मानणे’ म्हणतात. तृण म्हणजे गवत. नवराबायकोचे नाते तुटले, तर काडीमोड झाली म्हणतात. काडी मोडायला कितीसा जोर लागतो?

भाषा जसे बोलते, तसे आपण वागतो. झाड तोडले तर चार माणसे विचारतात, “का रे तोडलं?” डोंगरावरचे गवत मुळासकट गेले, तरी कोणी विचारत नाही.

पण आपल्याकडे आणखी एक म्हण आहे. बुडत्याला काडीचा आधार. ही म्हण हिवरे बाजारला अगदी अक्षरशः लागू पडली.

हिवरे बाजारने काय केले

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर हिवरे बाजारची दशा वाईट झाली. डोंगर उघडे पडले. विहिरी आटल्या. शेतात पिकेना. माणसे कामासाठी नगर, पुणे, मुंबईकडे जाऊ लागली. गावात दारू वाढली, भांडणे वाढली.

१९८९ साली गावाने ठरवले, की शिकलेला तरुण सरपंच करायचा. पोपटराव पवार हे एम. कॉम. झाले होते. त्यांना लोकांनी सरपंच केले. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे काम डोळ्यांपुढे होते. पुढे राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत हिवरे बाजार आले. गावाने पाच नियम मान्य केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान.

यातले पहिले दोन नियम आपल्या आजच्या शब्दाशी जोडलेले आहेत. कुऱ्हाडबंदी म्हणजे झाड तोडायचे नाही. चराईबंदी म्हणजे डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापायचे, भारा बांधायचा आणि घरी आणून गुरांना घालायचे.

नीट पाहा. कुऱ्हाडबंदीने मोठे झाड वाचते. पण गवत वाचत नाही. उद्या झाड होणारे आजचे रोपही वाचत नाही. त्यांना कुऱ्हाडीची भीती नसते. त्यांना जनावराच्या तोंडाची भीती असते. चराईबंदीने गवत आणि रोप वाचते. दोन नियम मिळून सगळी वनस्पती वाचते. एकच नियम पाळला तर काम अर्धे राहते.

त्याबरोबर गावाने डोंगराच्या उतारावर आडवे चर खणले. झाडे लावली. बांध घातले. पावसाचे पाणी जागीच मुरू लागले.

गवताचे काय झाले? २००० साली गावात सुमारे १०० टन गवत निघत होते. २००४ साली ते सुमारे ६,००० टनांवर गेले. चारा आला तशा गाई-म्हशी आल्या. १९९५ च्या सुमारास गावात दिवसाला १५० लिटरच्या आसपास दूध होत असे. पुढे ते ४,००० लिटरच्या घरात गेले. दूध पैसे घेऊन आले. बाहेर गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. २०२० साली पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे सगळे एकट्या गवताने झाले, असे म्हणणे खोटे होईल. चर, बांध, झाडे, श्रमदान, पाणी जपून वापरणे, हे सगळे त्यात होते. ऊस, केळी अशी फार पाणी पिणारी पिके गावाने टाळली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असेही ठरवले. पण गवत नसते, तर चर पहिल्या काही पावसातच गाळाने भरले असते.

गवत पाणी कसे धरते

४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर वर्षाला सुमारे १६ लाख लिटर पाणी. कमी पावसाच्या गावातही एवढे पाणी पडते. प्रश्न ते राहते किती, हा आहे.

उघड्या मातीवर पावसाचा थेंब गोळीसारखा आदळतो. माती उडते. तिची छिद्रे बुजतात. वर थर बसतो. मग पाणी आत न जाता उतारावरून पळते आणि जाताना माती नेते.

गवत असले तर थेंब आधी पातीवर पडतो. त्याचा जोर मोडतो. खाली घसरणारे पाणी बुडख्याबुडख्याला अडते. गवताची मुळे केसांसारखी असतात. ती माती बांधून ठेवतात. जुनी मुळे कुजली की मातीत बारीक वाटा तयार होतात. त्या वाटांनी पाणी खाली मुरते. तेच पुढे विहिरीत येते. झाडाची मुळे खोल जातात, गवताची मुळे वरची माती धरतात. डोंगराला दोन्ही पाहिजेत.

कापणे आणि चारणे

तुम्ही म्हणाल, “गवत गाईने खाल्लं काय आणि विळ्याने कापलं काय, एकच की!”

एकच नाही. गवताच्या वाढीचा भाग जमिनीलगत असतो. शेंडा कापला तरी बुडातून पुन्हा पाते येते. म्हणून विळ्याने वरून कापलेले गवत मरत नाही. थोडी गुरे थोडा वेळ चरली, तरीही मरत नाही. पण गुरे फार झाली आणि रोज तिथेच सोडली, तर ती बुडापर्यंत खातात. ओल्या मातीत खुरांनी माती दाबली जाते. बी धरायच्या आत तुरा खाल्ला जातो. मग पवना, मारवेल अशी चांगली गवते नाहीशी होतात. गुरे टाळतात ती कुसळी आणि काटेरी झुडपे तेवढी उरतात.

रोपाचे तर आणखी वाईट होते. रोप शेंड्याकडून वाढते. शेळीने शेंडा खुडला की त्याची वाढ खुंटते. पाच वर्षे झाली तरी ते वीतभरच राहते.

आणि तुम्ही हेही म्हणाल, “शेळी ही गरिबाची गाय. तिला डोंगर बंद केला तर गरिबानं जायचं कुठं?”

हा प्रश्न खरा आहे. तो झटकून टाकता येणार नाही. चराईबंदीचा पहिला भार ज्याला जमीन नाही, त्याच्यावर पडतो. म्हणून हा नियम पाटलाच्या ओट्यावर करायचा नसतो. तो ग्रामसभेत, शेळीवाल्याला पुढे बसवून करायचा असतो. सगळा डोंगर एकदम बंद करू नये. एक भाग बंद ठेवावा, दुसरा चराईला मोकळा ठेवावा. बंद भागातले गवत कापायचा हक्क आधी भूमिहीनाला द्यावा. काही गवत बी पडण्यासाठी न कापता राखावे. असे केले तरच नियम टिकतो. नुसत्या दंडाने टिकत नाही.

शब्द वापरू या

वनस्पती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे. ती वनस्पती. अनेक असल्या तरी शब्द तोच राहतो. त्या वनस्पती. शेवटचा ती दीर्घ लिहायचा. मात्र दुसरा शब्द जोडला की ति ऱ्हस्व होतो. जसे वनस्पतिशास्त्र. ही वाक्ये वाचा.

तुळस ही वनस्पती आहे.
ज्वारी ही वनस्पती आहे आणि गवतही आहे.
आमच्या बांधावर वीस प्रकारच्या वनस्पती आहेत.
वनस्पतींना पाणी लागते आणि वनस्पती पाणी राखतात.

जगात वनस्पतींचे साडेतीन लाखांहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यात एकट्या गवताचे ११ हजारांहून अधिक आहेत. आपल्याला एवढे मोजायचे नाहीत. आपल्या बांधावरचे मोजले तरी पुरे.

उद्या शेतावर जाल तेव्हा एक करा. बांधावर एका जागी बसा. हाताच्या अंतरावर जे जे हिरवे दिसेल, त्याचे नाव घ्या. नाव येत नसेल तर आजीला, आजोबांना विचारा. त्यांना ती नावे येतात. मग ती नावे वहीत लिहा. तुम्हाला आता लिहिता येते. जुन्या माणसांबरोबर पुष्कळ नावे जातात. ती तुमच्या वहीत राहतील.

आणि लिहिताना गवताला वगळू नका.

सांगा पाहू

१. वनस्पती या शब्दाचा जुना अर्थ काय? आजचा अर्थ काय?
२. उंबराचे फूल दिसत का नाही?
३. गाजरगवत हे गवत आहे काय? बांबू हे झाड आहे काय?
४. कुऱ्हाडबंदीने काय वाचते? चराईबंदीने काय वाचते?
५. तुमच्या गावचा डोंगर किंवा गायरान कसे आहे? तिथे गवत राखायचे तर आधी कोणाशी बोलावे लागेल?